गाडी उचलू की गतिरोधक उतरवू?

परवा आई-बाबा आणि तांदळाचं पोतं घेऊन गावाहून निघालो, तर वेशीवरच्या गतिरोधकावर पोटाखाली खर्रर्र! छोटी डिझेल गाडी, जड इंजिनामुळे नाक आधीच खाली. गॅरेजवाले काका म्हणाले, "स्प्रिंगमध्ये रबर बसवू, पाऊण इंच उचलेल." मोह झाला राव! पण रबराने स्प्रिंग कडक होते, म्हणजे दणका थेट बाबांच्या दुखऱ्या मणक्याला. स्पेसर टाकावा तर ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून सांधे लवकर झिजणार. आणि हे सगळं कशासाठी? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद हवा. आमचा म्हणजे शेताचा बांधच! रबर नाही बसवलं. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय; सरपंच "बघू" म्हणालेत.