पाठांतर नको, कारण हवे

वसतिगृहाच्या व्हरांड्यात बुद्धिबळाचा पट मांडला की नवशिक्या विद्यार्थ्याचा प्रश्न ठरलेला असतो : "सुरुवात कोणती पाठ करू?" माझ्या मते यातील 'पाठ' हा शब्दच घातक आहे.

शालेय वयात मीही एका सुरुवातीच्या बारा चाली मुखोद्गत केल्या होत्या. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने चौथ्याच चालीला वाट बदलली आणि माझी विद्या तेथेच संपली. चाली ठाऊक होत्या. त्यांमागील कारणे ठाऊक नव्हती.

म्हणून नवशिक्याने 'इटालियन' सुरुवात निवडावी. राजाचे प्यादे दोन घरे पुढे, मग घोडा, मग उंट आणि लवकरच किल्लेकोट. यातील प्रत्येक चालीला कारण आहे : पटाच्या मध्यावर ताबा, मोहऱ्यांना वाट, राजाला सुरक्षितता. चार चालींत मात देण्याची युक्ती मोह घालते. परंतु जाणकारापुढे ती फसते आणि अवेळी बाहेर पडलेला वजीर पळत राहतो. काळी मोहरी असताना समोरच्या राजाच्या वा वजिराच्या प्याद्यासमोर आपलेही तेच प्यादे दोन घरे पुढे न्यावे. वर्षभर हेच खेळावे आणि हरलेला प्रत्येक डाव वहीत उतरवून तपासावा.

आपल्या अनेक मुलांच्या घरी ना प्रशिक्षक, ना पुस्तकांचे कपाट. महागड्या शिकवणीतून चालींच्या याद्या मिळतील; समज मात्र फाटक्या पटावरही येते. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक रविवार द्यावा, मुलांसोबत एक डाव खेळावा आणि प्रत्येक चालीला एवढेच विचारावे : "ही का?"