चांगुलपणाला मीटर कशाला?

तिशी ओलांडलेला माणूस रविवारी दुपारी गेम खेळताना दिसला की आपल्याकडे अजूनही त्याच्याकडे दयेने बघतात. त्याच घरात संध्याकाळी मालिकांचे तीन-तीन भाग सलग चालतात, पण ती म्हणे करमणूक! असो. त्या वादात मला पडायचंच नाही. माझं भांडण गेमवाल्यांशीच आहे.

मंडळी, गोष्ट सांगणाऱ्या रोल-प्लेइंग गेम्समध्ये 'नैतिक निवड' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं बोगस आहे. बायोवेअरचे दोन गेम घ्या. २००३ च्या 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'मध्ये उजेड आणि अंधार यांच्यामध्ये सरकणारा एक काटा आहे. २००७ च्या 'मास इफेक्ट'मध्ये निळं खातं आणि लाल खातं. दोन्ही गेम मला जीव की प्राण, पण कोड लिहिणाऱ्याला लगेच कळतं की इथे चांगुलपणा म्हणजे फक्त एक इंटिजर! पॉइंट साठले की संवादात नवे पर्याय उघडतात, मग खेळणारा विचार करतो तो पॉइंटचा. समोरच्या माणसाचं काय होणार, हा प्रश्नच उरत नाही.

याउलट पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा 'द विचर ३' (२०१५) बघा. टेकडीवरच्या झाडाखाली एक आत्मा कैद आहे. सोडलात तर अनाथ पोरं वाचवीन, म्हणतो. सोडला तर पोरं वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होतं, सरदाराची बायको मरते आणि तो स्वतः गळफास घेतो. मारला तर नवरा-बायको जगतात (ती भ्रमिष्ट होऊन का होईना), पण पोरं जातात. आणि हे सगळं कळतं खूप उशिरा. लाल नाही, निळं नाही. केलंत ते तुमचं.

हे शिकायला पोलंडला जायची गरज नाही. आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पाचव्या शतकापासून विश्वंतर जातक रंगवलेलं आहे. दानाचं व्रत घेतलेला राजपुत्र, मागायला आलेल्या ब्राह्मणाला स्वतःची दोन लेकरं देऊन टाकतो, तीही आई रानात गेलेली असताना. सांगा, मीटर कुठे सरकवणार? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला हाच प्रश्न विचारतो, लेकरांना दुःख देऊन केलेलं दान योग्य कसं? याच मिलिंदाचं नाव बाबासाहेबांनी आपल्या शहरातल्या कॉलेजला दिलं. परिसराचं नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघंही रोजच्या रस्त्यावर आहेत राव!

आणि आपले गेम काय करतात? पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' आणला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, गोष्ट सांगायला साक्षात दुर्गा आणि विष्णू. दिसायला देखणा, मेहनत जबरदस्त, अभिमान वाटतोच. पण तो अ‍ॅक्शनचा गेम, रस्ता सरळ एकच. राक्षस मारा, पुढे चला. तेवढ्यावर आपण खूश का व्हायचं? आपल्या पुराणकथा म्हणजे नुसतं मंदिरांचं नक्षीकाम आणि अस्त्रं नाहीत. त्यांचा जीव धर्मसंकटात आहे, आणि तेच खेळणाऱ्याच्या हातात द्यायला आपण घाबरतो. कोणी चुकीचं निवडलं तर? अहो, निवडू द्या की!

खेळणारेही कमी नाहीत. निवड समोर आली की पॉज करून 'बेस्ट एंडिंग' शोधायचं, तसंच जसंच्या तसं खेळायचं. मग खेळलात कशाला? सोमवार ते शुक्रवार आपण रेटिंगवरच जगतो, अप्रेझलला आपलं माणूसपणही पाचपैकी साडेतीन असतं. शनिवार-रविवारी तरी अशी एक जागा हवी, जिथे आपण काय केलं ते आपल्यालाच ठरवावं लागेल आणि पाठ थोपटायला स्क्रीनवर कुठलाही आकडा येणार नाही.