तीनदा कोसळलेली भिंत

विनयपिटकातील चुल्लवग्गात एका गरीब शिंप्याची हकिकत आली आहे. तथागत वैशालीत असताना तेथील लोक भिक्षुसंघासाठी मोठ्या उत्साहाने निवासस्थाने बांधत होते. ते पाहून या शिंप्याच्याही मनात आले की, आपणही एक विहार बांधावा. त्याने स्वतः चिखल तुडवला, विटा रचल्या, भिंत उभी केली. परंतु अंगी कसब नसल्यामुळे रचाई वाकडी झाली आणि भिंत कोसळली. त्याने ती पुन्हा बांधली, पुन्हा कोसळली. तिसऱ्या खेपेसही तेच घडले. तेव्हा तो संतापून बोलू लागला की, जे चीवर आणि भोजन देऊ शकतात त्यांना हे श्रमण उपदेश करतात, त्यांच्या बांधकामावर देखरेख ठेवतात; मी दरिद्री, मला कोण शिकवणार? ही तक्रार तथागतांच्या कानी गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. बांधकामाची जबाबदारी भिक्षूवर सोपवावी, अशी अनुज्ञा त्यांनी दिली. या जबाबदारीस 'नवकम्म' आणि ती सांभाळणाऱ्यास 'नवकम्मिक' म्हणतात. ही संज्ञा पुढे लेण्यांच्या शिलालेखांतूनही आढळते.

इतिहासाच्या तासाला ही कथा आम्ही अनेक वर्षे सांगत आलो. तिचा खरा अर्थ मात्र आम्हांस आपल्या शाळेतून वास्तुकलेच्या पदवीकडे गेलेल्या मुलामुलींनी शिकवला. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयीच लिहावे असे वाटते.

प्रथम एक खुलासा करणे आवश्यक आहे. 'वास्तू' हा शब्द ऐकताच आपल्याकडे ईशान्य दिशा, देवघर आणि स्वयंपाकघराचे तोंड यांची चर्चा सुरू होते. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत त्या विद्येचा या अंधश्रद्धेशी काडीमात्र संबंध नाही. ऊन, वारा, पाणी, भार, साहित्य, खर्च आणि माणसाची गरज यांचा मेळ घालून इमारतीची रचना करणारा तो वास्तुविशारद. त्याचा बी.आर्च. हा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा असतो. प्रवेशासाठी 'नाटा'सारखी परीक्षा द्यावी लागते. पदवीनंतर काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाली, तरच १९७२च्या कायद्यानुसार स्वतःस 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येते. या पाच वर्षांतील साधारण एक सत्र एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करून शिकण्यासाठी राखलेले असते. त्याला आता सगळे इंटर्नशिप म्हणतात. आपल्या भाषेत त्याला उमेदवारी असा जुना आणि नेमका शब्द आहे.

या उमेदवारीच्या सत्रातच आपल्या मुलांची भिंत कोसळते, असे आमचे निरीक्षण आहे.

आपल्या शाळेची एक विद्यार्थिनी. वडील गवंडी. ओळंबा कशासाठी सोडतात हे तिला पाचवीत असतानाच ठाऊक होते. तिला शासकीय कोट्यातून वास्तुकलेस प्रवेश मिळाला, तेव्हा आम्ही स्नेहसंमेलनात शाल आणि पुष्पगुच्छ देऊन तिचा सत्कार केला. टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. चौथ्या वर्षी तिचा दूरध्वनी आला. "सर, पुण्यात आपलं कोणी आहे का?" एका नावाजलेल्या कार्यालयाने तिचे काम पाहून तिला उमेदवारीसाठी बोलावले होते. विद्यावेतन मात्र नव्हते. तिची वसतिगृहातील खोली महाविद्यालयाच्या गावी होती. पुण्यात सहा महिने राहायचे तर खोलीचे भाडे, अनामत, खानावळ आणि बसभाडे यांचा मेळ बसेना. दोन घरमालकांनी आडनाव विचारले आणि खोली आधीच दिली असल्याचे सांगितले. आम्ही दोन-चार ठिकाणी फोन केले, "बघतो" असे तिला सांगितले आणि प्रत्यक्षात काहीही करू शकलो नाही. तिने गावाजवळच्या एका लहान कार्यालयात उमेदवारी केली. तेथे तिच्या वाट्याला जुन्या नकाशांच्या नकला काढण्याचे काम आले. पुढे पदवी मिळाली. पण मुलाखतीत पहिला प्रश्न असे तो उमेदवारी कोठे केली हा. उत्तर ऐकल्यावर तिच्या कामाची वही कोणी फारशी उलगडून पाहत नसे. आज ती एका नगरपरिषदेत कंत्राटी पदावर बांधकामाचे नकाशे तपासते.

दुसरा एक विद्यार्थी तिच्यानंतर दोन वर्षांनी त्याच परिस्थितीत सापडला. त्याला आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने ठाण्यातील आपल्या दोन खोल्यांच्या घरात सहा महिने ठेवून घेतले. या गृहस्थांचा वास्तुकलेशी काहीच संबंध नाही. ते बँकेत लिपिक आहेत. त्या मुलाने मुंबईच्या कार्यालयात कार्यकारी आराखडे काढायला शिकून घेतले, कामाच्या जागी उभे राहून स्लॅब भरताना पाहिला, कंत्राटदाराशी कसे बोलावे आणि महापालिकेत प्रस्ताव कसा दाखल करावा हे अनुभवले. पदवीनंतर त्याच कार्यालयाने त्याला नोकरी दिली. तो मुलगा त्या मुलीपेक्षा हुशार नव्हता. दोघांनाही आम्ही शिकवले आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो. दोघांच्या वाटा एका अंथरुणाएवढ्या जागेने वेगळ्या केल्या.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे बडोदे आठवल्यावाचून राहत नाही. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन येथील शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. विद्या होती, नेमणूक होती, महाराजांची सदिच्छाही होती. नव्हते ते डोक्यावर छप्पर. पारशी सरायीत नाव बदलून ते राहिले. तेथून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मित्रांनीही आसरा दिला नाही. शहरातील बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्या प्रसंगास १०० वर्षे उलटून गेली. सरायीची जागा आता भाड्याच्या फ्लॅटने घेतली आहे आणि लाठीऐवजी एक गोड नकार ऐकू येतो. परंतु शिकलेल्या माणसाची संधी निवाऱ्यावाचून हातची जाते, हा अनुभव आमच्या मुलीला आलाच.

यावर वास्तुविशारदांची बाजूही ऐकली पाहिजे. आमच्या परिचयाच्या काहींनी सांगितले की, नवख्या मुलाला शिकवण्यात कार्यालयाचाच वेळ जातो, त्याने केलेले काम दुरुस्त करावे लागते, मग विद्यावेतन कशाचे द्यायचे? पहिल्या महिन्यापुरते हे खरे असेल. तिसऱ्या महिन्यापासून तोच मुलगा रात्री उशिरापर्यंत थांबून संगणकावर आराखडे पूर्ण करतो आणि ते आराखडे अशिलाकडे जातात. त्या श्रमाचे मोल शून्य ठरवले की, ज्यांच्या घरून पैसे येऊ शकतात तेवढेच चांगल्या ठिकाणी शिकू शकतात. असा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण त्याची अंमलबजावणी चोख होते. आरक्षणाने महाविद्यालयाचे दार उघडले. खासगी कार्यालयाचे दार ओळखीने उघडते. आणि ओळख ही पिढ्यान् पिढ्यांची मिळकत आहे, जी आपल्या घरांत नव्हती. दुःखाची गोष्ट अशी की, आपल्या समाजातून पुढे गेलेले काही व्यावसायिकही आपल्याच मुलांना विनावेतन राबवतात. त्यांनी स्वतःच्या उमेदवारीचे दिवस आठवावेत, एवढीच विनंती.

पालकांची शंका निराळी असते. "एवढी पाच वर्षे शिकून सुरुवातीला पगार थोडाच; त्यापेक्षा स्पर्धा परीक्षा काय वाईट?" सुरुवातीचे वेतन तुटपुंजे असते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु या पदवीतून निघणाऱ्या वाटा पालकांना कोणी सांगितलेल्याच नसतात. स्वतःचे कार्यालय काढणे ही त्यांतील एक वाट, आणि भांडवल व ओळखीअभावी सर्वांत उशिरा साधणारी. शासनाच्या नगररचना व मूल्यनिर्धारण विभागात सहायक नगररचनाकार होता येते. ती परीक्षा लोकसेवा आयोगच घेतो. सार्वजनिक बांधकाम विभाग, म्हाडा, सिडको यांनाही वास्तुविशारद लागतात. पुढे शिकावयाचे असल्यास 'गेट' परीक्षेत वास्तुकला व नियोजन असा स्वतंत्र विषय आहे. दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर किंवा अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ येथे नियोजन, वारसा-संवर्धन यांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची शिष्यवृत्ती आहे. कोणत्या वस्तीतून रस्ता जाणार, मैदान कोठे राहणार, झोपडी कोणत्या नियमाने हटणार, हे सारे विकास आराखड्यात आणि २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीसारख्या दस्तऐवजांत ठरत असते. ते दस्तऐवज वाचू शकणारी आणि लिहू शकणारी आपली माणसे त्या टेबलापाशी असणे, ही नोकरीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

शिवाय समाजालाही या मुलांची गरज आहे. आपल्या प्रत्येक वस्तीत वर्गणी काढून विहार बांधला जातो. किती ठिकाणी आधी आराखडा काढला जातो? कंत्राटदार म्हणेल तसा स्लॅब पडतो. मग पावसाळ्यात छत गळते, उन्हाळ्यात पत्र्याखाली वंदनेला बसवत नाही, वाचनालयाला खिडकी नसते. चुल्लवग्गातील शिंप्याची भिंत अशी आजही कोसळते आहे. बाबासाहेबांनी दादरच्या राजगृहाच्या आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या बांधकामात जातीने लक्ष घातले होते. इमारत म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत, तीत विद्या नांदावयाची आहे, हे ते जाणत होते.

आपला वारसाही हेच सांगतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या प्रवेशद्वारापाशी एका सुताराचे नाव कोरलेले आहे. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा पुत्र. दाराचे काम त्याने केले, अशी ती नोंद. सुमारे २,००० वर्षांपूर्वी धम्माच्या वास्तूवर श्रमिकाचे नाव राजपुरुषांच्या आणि व्यापाऱ्यांच्या नावांसोबत आले. आमचे उमेदवार ज्या आराखड्यांवर रात्री जागवतात, त्यांवर त्यांचे नाव नसते. निदान त्यांच्या श्रमाची नोंद ठेवणारे कोणी असावे.

ते आपणच असले पाहिजे. आम्हांस सुचतात त्या गोष्टी साध्या आहेत. पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर येथे राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील एक कोपरा सहा महिन्यांसाठी देऊ शकू, असे शाळेस कळवावे. मुलींसाठी अशी घरे अधिक लागतील. संस्थेच्या माजी विद्यार्थी निधीतून दरवर्षी दोन-तीन उमेदवारांना मासिक विद्यावेतन मिळावे. आपल्यापैकी जे वास्तुविशारद, अभियंते, कंत्राटदार आहेत त्यांनी वर्षातून एक मूल हाताशी घ्यावे, आणि त्याला वेतन द्यावे. जेथे विहार बांधावयाचा असेल तेथील समितीने जागेची मोजणी आणि आराखडा आपल्या पदवीधरांकडून मोबदला देऊन करून घ्यावा. आणि आम्ही शिक्षकांनी सत्काराच्या दिवशीच हात झटकू नयेत. तिसऱ्या वर्षी स्वतः फोन करून विचारावे की, उमेदवारीचे काय ठरले?

त्या मुलीला आम्ही हा लेख लिहिण्यापूर्वी फोन केला. या यादीत आपले नाव पहिले घालावे, असे तिने सांगितले. ती राहते त्या गावी मोठे कार्यालय नाही. परंतु नकाशा मंजूर कसा होतो हे शिकू इच्छिणाऱ्या कोणाही मुलीने आपल्या घरी येऊन राहावे, असा तिचा निरोप आहे. वैशालीच्या शिंप्याने तक्रार केली, तेव्हा ती ऐकणारा शास्ता होता आणि जबाबदारी घेणारा संघ होता. आपल्या मुलांनी तक्रार केलेली नाही. तरी ती आपणांस ऐकू आली पाहिजे.

जय भीम.