गुडघ्याचा एमआरआय आणि वैद्याची परीक्षा

मोहन्याचा एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडला. परंतु तेथे वर्षानुवर्षे उभ्याने पाळ्या केलेल्या कामगारांचे गुडघे आजही आमच्या चिकित्सालयात येतात. अलीकडे मात्र गुडघ्याआधी एमआरआयचा लिफाफा पुढे येतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "वैद्यराज, गादी फाटली आहे. आता ऑपरेशनच ना?" या प्रश्नाला आपण वैद्य काय उत्तर देतो, याचा विचार होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मांडीचे हाड व नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. क्ष-किरण चित्रात त्या दिसत नाहीत. एमआरआयमध्ये त्या किरणोत्सर्गाविना स्पष्ट दिसतात. तेव्हा या साधनाला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावण्याचा.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे पन्नाशीपुढील ९९१ सर्वसामान्य नागरिकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांची गादी फाटलेली आढळली त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा कोणताही त्रास नव्हता. २०१३ साली फिनलंडमध्ये झिजेमुळे गादी फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया, तर काहींवर केवळ तिचा देखावा केला गेला. वर्षअखेर दोन्ही गटांच्या वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. तात्पर्य, उतारवयात चित्रातील फाट आणि रुग्णाची वेदना यांचा कार्यकारणभाव गृहीत धरता येत नाही.

याचा अर्थ अहवाल बाजूस सारून जानुबस्ती सुरू करावी, असा मुळीच नव्हे. कबड्डी खेळताना पाय मुरगळला, काही तासांत गुडघा सुजला, तो अडकून सरळ होईना, अशा तरुणाला लेप व तेलावर आठवडेच्या आठवडे थांबवून ठेवणे अन्यायाचे आहे. त्याला एमआरआय व अस्थिशल्यतज्ज्ञ दोन्ही वेळेवर हवेत. सुश्रुताचार्यांनी जानु हे वैकल्यकर मर्म सांगितले, ते उगीच नव्हे.

त्याच आचार्यांनी पंचेंद्रिये व प्रश्न अशी षड्विध परीक्षा सांगितली. दुखणे कधी व कशाने सुरू झाले? गुडघा अडकतो का? सांध्याच्या रेषेवर नेमके कोठे दुखते? सूज, उष्णता, ज्वर आहे का? एवढे पाहिल्यावर संधिगत वात, वातरक्त, आघात यांचा विवेक बराचसा होतो. त्यानंतरही शंका उरली आणि उत्तराने चिकित्सा बदलणार असेल, तरच रुग्णाला काही हजारांच्या खर्चात घालावे. अहवालात पहिल्या वा दुसऱ्या श्रेणीचा बदल लिहिलेला असेल, तर तो गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला नसतो; त्याला फाट म्हणून रुग्णास घाबरवू नये.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. महानारायण तेल, योगराज गुग्गुळ जरूर द्यावेत. पण "फाटलेली गादी भरून येते" असे आश्वासन सोबत देऊ नये. गुडघा तापलेला व अंगात ज्वर असेल, तर गिऱ्हाइकाला तेल न देता त्याच दिवशी वैद्यकीय तपासणीस पाठवावे.

चिकित्सा रुग्णाची करावयाची असते, चित्राची नव्हे. चित्र वाचता येणे ही आजच्या वैद्याची गरज आहे. मात्र त्याआधी गुडघ्याला हात लावणे हे त्याचे कर्तव्य आहे.