घरी बनवलेल्या गाडीला नंबर का मिळू नये?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. गाडीवाल्यांनी आणि वर्कशॉपवाल्यांनी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांना कंटाळा आला तर निदान उसाच्या ट्रॉलीचा भाग वाचा, तो तुमच्या-माझ्या जिवाशी निगडित आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे एखाद्याने स्वतःच्या हाताने गाडी बनवली, अगदी उत्तम बनवली, तरी ती कायदेशीरपणे रस्त्यावर आणायला त्याला परवडेल अशी वाट नाही. माझं म्हणणं, ती वाट असावी. अरुंद असू दे, कडक तपासणीची असू दे, वर्षाला मोजक्याच लोकांना मिळणारी असू दे. पण असावी.

हे डोक्यात बसलं ते पुतण्यामुळे. तो कॅलिफोर्नियात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार गॅरेजमध्ये हॉट रॉड बनवतो. मी कोल्हापूरचा, आयुष्य लेथ आणि वेल्डिंगमध्ये गेलं. गेल्या वर्षी तीन महिने त्याच्याकडे राहिलो, त्यातले निम्मे दिवस त्या गॅरेजातच गेले. काकू वैतागली, पण ते असो.

हॉट रॉड म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-एट इंजिन बसवलं. पुढे या गाड्या जुन्या झाल्या, स्वस्तात मिळू लागल्या. कॅलिफोर्नियाची पोरं त्या घ्यायची, मडगार्ड काढून फेकायची, इंजिन आणखी ताकदीचं करायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर पळवायची. रोडस्टर म्हणजे त्यातली बिनछपराची दोन सीटची गाडी. पुतण्याची गाडी तीच, फक्त बॉडी फायबरची नवी, चेसिस नवी आणि इंजिन शेवरलेचं जुनं व्ही-एट.

लोकांना वाटतं, पार्ट ऑनलाइन मागवायचे आणि नटबोल्ट आवळायचे. तसं नसतं. इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीतून आलेला, स्टिअरिंग तिसऱ्याचं. यांची एकमेकांशी सोयरीक जुळवणारे पार्ट बाजारात मिळतच नाहीत, ते बनवावे लागतात. गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो क्रॉसमेंबर आम्ही तिथेच बनवला. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, मग पत्र्याचा, मग तीन मिलीमीटर जाडीच्या चौकोनी ट्यूबचा. आधी फक्त टाके मारायचे, गिअरबॉक्स बसवून बघायचा, प्रॉपेलर शाफ्टचा कोन मोजायचा, पुन्हा काढायचा. इंजिन सात-आठ वेळा तरी आत-बाहेर झालं असेल. पूर्ण वेल्डिंग सगळ्यात शेवटी, तेही थोडं इकडे थोडं तिकडे, नाहीतर उष्णतेने चेसिस पिळवटते.

स्टिअरिंगचं काम तर डोकं फिरवणारं. कॉलम एका रेषेत, बॉक्स दुसऱ्या रेषेत, मध्ये एक्झॉस्टचा पाइप. दोन युनिव्हर्सल जॉइंटमध्ये भागलं नाही, तिसरा घालावा लागला. आणि तिसरा जॉइंट घातला की मधल्या शाफ्टला आधाराचं बेअरिंग लागतंच, नाहीतर शाफ्ट मधोमध लोंबकळतो आणि चाकं ऐकत नाहीत. ब्रेकचंही तेच. बूस्टर नाही म्हणून पॅडल असं बनवलं की पायाचा जोर सहापट होऊन मास्टर सिलिंडरला मिळेल. मास्टर सिलिंडर फ्लोअरच्या खाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर. मग तेल मागे ओघळू नये म्हणून लाइनमध्ये छोटा व्हॉल्व्ह, डिस्क असेल तर दोन पीएसआयचा, ड्रम असेल तर दहाचा. आणि हॉट रॉडवाल्यांना क्रोमचा भारी शौक! पण उच्च ताकदीच्या स्टीलवर क्रोम चढवताना हायड्रोजन धातूत शिरतो आणि पार्ट काचेसारखा तडकू शकतो. प्लेटिंग झाल्याबरोबर तो भट्टीत तापवून घ्यावा लागतो. स्टिअरिंग आर्मसारख्या पार्टला नुसत्या शोभेसाठी क्रोम कशाला, असं मी म्हटलं. त्याने ऐकलं आणि काळा रंग दिला.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की हे काम पोरखेळ नाही आणि जादूही नाही. आपल्या उद्यमनगरातला चांगला टर्नर, चांगला वेल्डर हे काम डोळे मिटून नाही, पण डोळे उघडे ठेवून नक्की करेल. अंगात हुन्नर आहे, नाही ती वाट.

आता तिथली वाट कशी आहे ते बघा. कॅलिफोर्नियात अशा गाडीला स्वतंत्र वर्ग आहे, ‘खास बांधणीची गाडी’ असं म्हणू. बनवणाऱ्याने लिहून द्यायचं की ही गाडी मी बनवली, हे पार्ट इथून घेतले. प्रत्येक मोठ्या पार्टची पावती दाखवायची. हायवे पोलिसांचा अधिकारी गाडी आणि पावत्या तपासतो, इंजिन चोरीचं नाही ना ते बघतो आणि गाडीला ओळख क्रमांकाची पट्टी देतो. ब्रेक आणि दिव्यांची तपासणी वेगळी. धुराचं काय? तिथे वर्षाला फक्त ५०० गाड्यांना अशी सवलत मिळते, की गाडी ज्या सालच्या मॉडेलसारखी दिसते किंवा तिचं इंजिन ज्या सालचं आहे त्या सालचे धुराचे नियम तिला लागू. जानेवारीत नंबर लावायचा, ५०० संपले की पुढच्या वर्षी या. ब्रिटनमध्ये एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते. तिथला तपासनीस बाहेर आलेल्या कडांची गोलाई मोजतो, अडीच मिलीमीटरपेक्षा कमी असली की गाडी परत. पादचाऱ्याला लागू नये म्हणून.

आपल्याकडे? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ क्रमांकाचा नियम असा की गाडी बनवणाऱ्याने आधी नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा. नियम चांगला आहे. पण तो लिहिलाय वर्षाला लाखो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी. एकच गाडी बनवणाऱ्यालाही तीच दारं, त्याच चाचण्या, तोच खर्च. गंमत अशी की या संस्थांपैकी तीन आपल्याच राज्यात आहेत: पुण्यातली एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. कॅलिफोर्नियाला आपण हसावं इतकी यंत्रणा आपल्या दाराशी आहे.

जुन्या गाडीला बदलून घ्यायचं म्हटलं तर कलम ५२ आडवं येतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली, तिच्याबद्दल मी सरकारचं अभिनंदनच करतो. पण तिची अट ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात. म्हणजे हॉट रॉड तिथूनही बाहेर.

हे फक्त अमेरिकन शौकाचं दुखणं आहे असं समजू नका. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार बनवली होती, हे किती जणांना माहीत आहे? पहिला नमुना १९४९ चा. पुढे पंचवीसेक वर्षं हा माणूस तीच गाडी सुधारत राहिला. परवाने, भांडवल, सरकारी धोरण या सगळ्यात ती कारखान्यापर्यंत कधी पोचलीच नाही. आणि अलीकडचं म्हणजे सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे. हो, यशवंतरावांचं जन्मगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या माणसाने भंगारातून किकवर सुरू होणारी चारचाकी बनवली, डिसेंबर २०२१ मध्ये व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच वेळी हेही लिहिलं की नियमात बसत नसल्यामुळे ही गाडी आज ना उद्या थांबवली जाईल, तर त्याऐवजी बोलेरो देतो. दिलीही. त्या माणसाचं भलं झालं, छानच. पण मला त्या बातमीत आनंदापेक्षा दुसरंच काही दिसलं. ज्याच्या नशिबात व्हायरल होणं नाही, त्याने काय करायचं?

आता विरोधातले मुद्दे, कारण ते खोटे नाहीत.

पहिला, ‘आधीच बुलेटच्या सायलेन्सरने कानाचे पडदे फाटलेत, तुम्ही अजून मोकळीक मागता?’ नाही. फटाके फोडणारे सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली घातले की मी टाळ्या वाजवतो. पण आज कायद्याच्या लेखी सायलेन्सर बदलणारं पोरगं आणि दोन वर्षं खपून चेसिस बांधणारा कारागीर एकाच पंगतीत बसतात. तपासणीला स्वतःहून गाडी घेऊन येणाऱ्याला वेगळं पान वाढा, एवढंच मागणं आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘जुगाड’ गाड्यांबद्दल सांगितलं की ही मोटार वाहनंच आहेत, नोंदणी-विम्याशिवाय चालणार नाहीत. बरोबर सांगितलं. पंपाचं इंजिन लावून वीस माणसं वाहणारी गाडी मलाही नको.

पण मग उसाच्या हंगामात आपण काय बघतो? रात्रीची वेळ, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक? विचारूच नका. यातल्या बऱ्याच ट्रॉल्या आपल्याच गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत बनतात. ट्रॉलीच्या हुकचं वेल्डिंग कुणी तपासलं? मागून मोटारसायकलवाला आदळतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. म्हणजे घरगुती बांधणीची वाहनं रस्त्यावर नाहीत असं नाही, हजारोंनी आहेत. फक्त त्यांच्याकडे बघायचं नाही असं आपण ठरवलंय. मला वाटतं एकट्या गाडीच्या तपासणीची यंत्रणा उभी राहिली तर तिचा खरा फायदा माझ्यासारख्या शौकिनांपेक्षा या ट्रॉलीवाल्यांना, म्हणजे त्यांच्या मागून जाणाऱ्यांना होईल. वेल्ड कसा बघायचा हे जाणणारा माणूस तिथे असेल.

तिसरा मुद्दा तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो: ‘तपासणी म्हणजे एजंट आणि पाकीट.’ लायसनच्या टेस्टचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच ही तपासणी तालुक्याच्या पातळीवर नको. राज्यात दोन-तीनच ठिकाणी, वर वर्षाला कमाल संख्या ठरलेली, प्रत्येक गाडीचे फोटो आणि पावत्या सर्वांना दिसतील अशा ठेवा. मोजक्या गाड्यांत लपवालपवी अवघड जाते.

आणि बनवणाऱ्यांनीही काही जबाबदारी उचलायला हवी. अमेरिकेतही हॉट रॉडवाले म्हणजे उनाड टोळकं अशीच समजूत होती. पण ती पोरं नुसती रडत बसली नाहीत. १९३७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना काढली, १९५१ मध्ये वॉली पार्क्सने राष्ट्रीय संघटना सुरू केली, आणि रस्त्यावरची शर्यत बंद करून ती मैदानावर न्या, गाडी आधी तपासा, हे त्यांनी आपल्याच लोकांना शिकवलं. पोलिसांना सोबत घेतलं. आपल्याकडचे मॉडिफिकेशनचे ग्रुप बघा, दिवसभर अलॉय व्हीलचे फोटो. एकानेही कधी वेल्डिंगचा नमुना कापून, आत कितपत मुरलाय ते दाखवलंय?

माझ्या मागण्या एका कागदात मावतात. इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच मान्यता मिळालेल्या, आजचे धुराचे नियम पाळणाऱ्या गाडीतलेच घ्या, म्हणजे प्रदूषणाचा वाद मिटला. स्टिअरिंग, ब्रेक, सीटबेल्टचे अँकर आणि चेसिसचे जोड यांची तपासणी बांधकामाच्या मधल्या टप्प्यात एकदा आणि शेवटी एकदा, कारण रंग दिल्यावर वेल्ड दिसत नाही. विमा सक्तीचा. पाच वर्षं विकायची नाही, म्हणजे धंदा म्हणून कुणी घुसणार नाही. फी जास्त असली तरी चालेल, पण आकडा आधी कळू दे.

हे निवेदन मी मराठीत लिहून ठेवलंय, आमदार-खासदारांना आणि परिवहन विभागाला द्यायचं आहे. उद्यमनगर, इचलकरंजी, कुपवाड, भोसरी, सातपूर, कुठलेही वर्कशॉपवाले असाल तर कमेंटमध्ये हात वर करा. आणि ट्रॉली बनवणारे कुणी वाचत असाल तर तुम्ही आधी बोला, हुकला कुठलं मटेरियल वापरता आणि जोड कसा मारता ते सांगा. तुमचा मुद्दा निवेदनात पहिल्या नंबरवर घालायची माझी तयारी आहे.