दान गुप्त असू द्या, हिशोब नको

नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. पाणी चढून दत्तमंदिरात शिरते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक स्नानाला येतात. पाणी त्याहून चढले की मात्र शिरोळ तालुक्यात घरे सोडायची वेळ येते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेच झाले. १२ तारखेला बकरी ईद होती. आम्ही काही पोरांनी वाडी आणि आसपासच्या गावांसाठी पैसे, धान्य, चादरी जमवल्या. अनोळखी लोकांनीही भरभरून दिले.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तेव्हा आमच्या हाती होती एक भिजलेली वही. कोणी, किती, कशासाठी दिले, काहीच सांगता येईना. ओळखीच्या एका चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "बेटा, मागचे पैसे कुठे पोचले ते सांगायला फोन केला नाहीस. आज आठवण आली?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपल्याकडे म्हणतात, नेकी लपवून करावी, मग नोंद कशाला? मला हे पटत नाही. नाव लपवणे हा देणाऱ्याचा हक्क आहे. हिशोब लपवणे हा घेणाऱ्याचा हक्क नव्हे. कुरआनने (९:६०) जकातीचे आठ हकदार सांगितले, त्यांत जकात गोळा करणारेही आहेत. म्हणजे हे काम नीट करायला माणूस लागतो आणि खर्च येतो, हे तेव्हाच मान्य झालेले आहे.

मोठ्या संस्था देणगीदाराच्या मालमत्तेचा आणि ओळखींचा अभ्यास करतात. अमेरिकेत तर तो स्वतंत्र पेशा आहे. आपण त्यातली आठवण ठेवण्याची सवय घ्यावी, पाळत ठेवण्याची नको. नाव, फोन, तारीख, रक्कम, आणि पैसे जकातीचे की इतर, एवढे लिहावे, कारण जकात त्या आठ हकदारांवरच खर्च होते. घर केवढे, मसलक कोणता, मत कोणाला, हे लिहू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही पाया संमतीच आहे. मदत घेणाऱ्याचा फोटो काढण्याआधीही त्याला विचारावे. आणि मशिदीच्या भोंग्यावरून रकमा वाचणे थांबवावे. शंभर रुपये देणारा त्याने खाली मान घालतो.

वाडीच्या देवस्थानाला औरवाड आणि गौरवाड ही गावे विजापूरच्या आदिलशहाने इनाम दिली, असे इथे आजही सांगतात. कोल्हापुरात १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग उभे राहिले, ते शाहू महाराजांच्या पुढाकाराने. तेही आपण विसरलेलो नाही. देणाऱ्याचा धर्म वेगळा होता, तरी आठवण टिकली.

मित्रांनो, पुढच्या पावसाळ्याआधी एक काम करा. मागच्या वेळी ज्यांनी दिले, त्यांना फोन लावा. पैसे मागू नका. त्यांचे पैसे कुठे गेले, तेवढेच सांगा.