जनसुनावणीचा मांडव रिकामा ठेवू नका

राजुरीकरांनो, आळे-बेल्ह्याकडच्या शेजाऱ्यांनो,

शिवाराजवळ मोठी खाण किंवा कारखाना येणार असेल, तर कोणी दवंडी पिटत नाही. वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत जनसुनावणीची जाहीर सूचना येते. ती शोधा, वाचा, वाचून दाखवा. तिथून तुमच्या हातात किमान ३० दिवस असतात.

या दिवसांत गप्प राहिलात तर? १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीला गणपूर्ती लागत नाही. मांडवात चार माणसं असली तरी सुनावणी झाली असंच धरतात. आणि पर्यावरण अहवाल करणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो. त्यावर निर्णय घेणाऱ्यांनी तुमची विहीर कधी पाहिलेली नसते.

म्हणून अहवालाचा मराठी सारांश मागा. तो तुमचा हक्क आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात तो ठेवावा लागतो. कॉलेजातल्या लेकीला सोबत घ्या. आपला ओढा नकाशात आहे का, कांद्याचं रान ‘पडीक’ लिहिलंय का, बघा. चूक तिथेच धरा.

सुनावणीला या. बायांनो, तुम्ही पुढे बसा. पाणी कुठवर खाली गेलं, पोरांचा खोकला कधीपासून आहे, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? हजर असलेल्या प्रत्येकाला विचारायची मुभा आहे, चित्रीकरण होतं, शेवटी कामकाजाचा गोषवारा मराठीत सांगावा लागतो. तुमचा मुद्दा त्यात आला नाही तर उठून उभे राहा, तो घ्यायला लावा. नुसतं ‘विरोध’ छापलेल्या शंभर अर्जांपेक्षा गट नंबर आणि विहिरीची पातळी लिहिलेला एक अर्ज मला भारी वाटतो. तसा अर्ज लिहा.

खडी क्रशरला मात्र अशी सुनावणी नसते, आणि धूळ तर घरात शिरते, दुधाच्या किटलीवर बसते, लेकरांच्या छातीत जाते. तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. पाण्याचा फवारा, पत्र्याचं आच्छादन, वारा अडवणारी भिंत, अशी बंधनं असतात. ती पाळली जात नसतील तर तारीख-वेळेसह फोटो काढा. मंडळाच्या पुण्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी तक्रार फायलीत जात नाही.

प्रकल्पाला मंजुरी मिळाली तरी खचू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. अपिलाला ३० दिवस मिळतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद! मंजुरीची प्रत प्रकल्पवाल्याने ग्रामपंचायतीला द्यायची असते. आजच ग्रामपंचायतीत जा आणि विचारा: अशी प्रत, अशी सूचना आली आहे का? आली असेल तर तारीख लिहून घ्या आणि शेजाऱ्यालाही सांगा.